सर्जाचं पथ्य

रात्रीचे दोन वाजलेले असतात, ठाण्याचं वर्तकनगर झोपलेलं असतं आणि आमच्या दिवाणखान्यात कोणीतरी ओल्या स्लिपरा घालून फिरत असल्यासारखा आवाज सुरू होतो. चपक्, चपक्, चपक्. तो आमचा सर्जा. वय चार, वजन तीस किलो, जात बॉक्सर. स्वतःचा उजवा पंजा तोंडात धरून तो तन्मयतेने चघळत असतो. "सर्जा, नको!" असं ओरडलं की थांबतो, अतिशय दुखावलेल्या नजरेने माझ्याकडे बघतो आणि डावा पंजा घेतो.

कुत्रा काहीतरी चावतोय हे कळलं की सोसायटीत प्रत्येकाच्या अंगात पशुवैद्य संचारतो. तळमजल्यावरच्या काकांच्या मते कॅल्शियम कमी पडतंय. समोरच्या वहिनी म्हणाल्या, दात येत असतील. आता कुत्र्याचे 42 च्या 42 दात सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत आलेले असतात. त्या वयात सर्जाने टीव्हीचा रिमोट, एक कोल्हापुरी आणि दाराची चौकट चाखून संपवली होती. पण ते चघळणं निराळं होतं. त्यात आनंद होता. आता नुसतं कर्तव्य दिसतं. सेक्रेटरींनी "त्याला एकटं वाटतंय, दुसरा आणा" असं सुचवलं. हे सेक्रेटरी आमच्या पहिल्याच कुत्र्यावर नोटीस काढणारे, हे विशेष. आईने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. कोणाच्या तरी सांगण्यावरून पंजांना खोबरेल तेल लावलं, तर सर्जाला चाटायला आणखी एक कारण मिळालं. मग हळद झाली. त्याने पंजे पिवळे झाले, आणि सोफाही.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी पंजांचा रंग पाहिला. पांढरे पंजे विटकरी झाले होते. लाळेतल्या रंगद्रव्याने तसं होतं म्हणे. मग त्यांनी बोटांच्या बेचक्या उघडून चक्क वास घेतला. (डॉक्टरकीबद्दलचा माझा आदर त्या क्षणी दुप्पट झाला.) "यीस्ट आहे, एक प्रकारची बुरशी. पण ते नंतर आलं," त्या म्हणाल्या. आधी खाज, म्हणून चाटणं, चाटून ओल, ओलीत यीस्ट आणि यीस्टमुळे परत खाज. कान लाल, काखा लाल, पोट लाल. ऍलर्जी. आपल्याला ऍलर्जी झाली की शिंका येतात, कुत्र्याचं सगळं कातडीवर निघतं, आणि बॉक्सर त्यात पुढे. 1895 साली म्युनिकमध्ये बॉक्सरचा पहिला क्लब निघाला, तेव्हा पुढेमागे यातला एखादा ठाण्याच्या जुलैमध्ये राहायला जाईल, असं तिथे कोणाच्या मनात आलं नसणार.

ऍलर्जी कशाची, हा प्रश्न. पिसवा नव्हत्या. मग उरली हवा-धूळ किंवा अन्न. बायकोने विचारलं, "रक्त तपासून नाही का कळणार?" अन्नाच्या बाबतीत ती तपासणी भरवशाची नाही, डॉक्टर म्हणाल्या. आठ आठवडे पथ्य. त्याने आयुष्यात कधी खाल्लेलं नाही असं एकच प्रथिन द्यायचं, बाकी तोंडात कण जाता कामा नये.

"काय काय खाल्लंय त्याने आजवर?"

आम्ही सांगायला लागलो. चिकन, अंडी, मटण, पनीर, दही, चपाती. मुलगी म्हणाली, "बाबा, बोंबील." मग सुरमई, कोलंबी, खिमा, थालीपीठ. प्रत्येक पदार्थागणिक घरातला एकेक जण दुसऱ्याकडे संशयाने बघत होता, कारण यातले निम्मे पदार्थ बाकीच्यांना ठाऊकच नव्हते. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बरं, काय खाल्लं नाही ते सांगा."

बराच वेळ शांतता. मग आई म्हणाली, "कारलं."

त्यामुळे हायड्रोलाइज्ड नावाचं तयार खाणं आलं. यात प्रथिनांचे इतके बारीक तुकडे केलेले असतात की शरीराला ती ओळखूच येत नाहीत. पोत्यावरची किंमत बघून माझी अवस्था काहीशी तशीच झाली. सर्जाने पहिल्या दिवशी वाटी हुंगली आणि सरळ आईच्या खोलीत गेला. वकील कोण, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

मराठी घरात कुत्र्याला कोणीही काहीही देत नाही. विचारून बघा. "छे, काही नाही दिलं. एवढासा तुकडा." वॉचमनकाकांच्या लेखी ग्लुकोज बिस्किट हे अन्न नव्हेच, ती ओळख ठेवण्याची पद्धत. मुलीने सर्जाच्या गळ्यात "मला खायला देऊ नका" अशी पाटी अडकवली, तर उपवन तलावावर लोक ती वाचायला थांबू लागले आणि वाचून झाल्यावर "अगं बाई, बिच्चारा!" म्हणत खारे दाणे काढू लागले. आषाढी एकादशीला आईने त्याला साबुदाण्याची खिचडी घातली. तूप, दाण्याचं कूट, वर दही. "अगं आई, त्याचं पथ्य आहे ना!" "म्हणून तर उपासाचं दिलं." पथ्य परत पहिल्यापासून.

पुढे श्रावण लागला आणि घरात मासे-मटण बंद झालं, तेवढा धीर आला. फक्त सत्यनारायणाच्या दिवशी मी खरोखर घाबरलो. ऍलर्जी बाजूला राहू द्या, शिऱ्यातल्या बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. "प्रसादाला नाही म्हणायचं?" आई म्हणाली. मी हो म्हणालो. गुरुजींनी पोथीतून मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

आठ आठवडे अखेर सलग पार पडले, तेव्हा घरात गौरी बसल्या होत्या. सर्जाचं चपक् चपक् जिथल्या तिथे. डॉक्टर म्हणाल्या, म्हणजे अन्न निर्दोष. बहुतेक घरातल्या धुळीतले माइट्स, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव. खाजेवर गोळी मिळाली आणि एक शाम्पू. तो लावून दहा मिनिटं तसाच ठेवायचा. तीस किलोचा बॉक्सर फेसाने भरल्यावर दहा मिनिटं तसाच ठेवणं ज्याला जमेल, त्याला मी आमचा फ्लॅट देईन.

आई मात्र पेटली. "म्हणजे इतके दिवस लेकरू उगाच उपाशी?" सुरमई तव्यावर पडलीच.

पण माइट्स राहतात कुठे? दमट हवेतला ओलावा आणि माणसाच्या कातडीचा कोंडा यांवर जगतात ते. गादीसारखी सोय त्यांना दुसरी नाही. सर्जा दुपारभर लोळतो ती आईची कापसाची गादी बाबांच्या हयातीतली. "माझ्या गादीत किडे?" त्यानंतर ती दोन दिवस माझ्याशी फक्त मुलीमार्फत बोलत होती. गादी टाकण्याचा विषय संपला. चादरी कडक गरम पाण्यात धुवायच्या, गादी ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवर टाकायची आणि तिला माइट्स न शिरणारं, चेनचं महागडं कव्हर घालायचं, असा तह झाला.

कव्हर शुक्रवारी आलं. शनिवारी सकाळी त्याची चेन सर्जाच्या तोंडात होती, उरलेलं कव्हर पॅसेजमध्ये. मी डॉक्टरांना फोन लावला.

"पंजे चघळले का?"

"नाही. रात्रभर कव्हरच."

"अरे वा," त्या म्हणाल्या, "गोळी लागू पडतेय."