वाळूमाशी वाळूत जन्मत नाही

गेल्या रविवारी रात्री साडेदहा वाजता गंगाखेडहून मावशीचा फोन आला. तिच्या घरामागच्या दोन खोल्यांत बिहारहून आलेले, फरशी बसवण्याचे काम करणारे चार तरुण भाड्याने राहतात. तिने विचारले, "अरे, त्या पोरांना आपल्या हंड्यातलं पाणी द्यावं का नाही?" पाच वर्षे ज्यांना सणाला पुरणपोळी पाठवली, त्यांच्याविषयी हा प्रश्न तिला पडला, कारण व्हॉट्सॲपवरचा एक संदेश त्या दिवशी तिच्या भजनी मंडळाच्या गटात तीन वेळा आला होता.

संदेशाचा गोषवारा असा. बिहारचा काळा आजार मराठवाड्यात शिरला आहे. तो तिकडच्या मजुरांच्या स्पर्शाने, घामाने आणि भांड्यांतून पसरतो. त्याची माशी गोदावरीच्या वाळूत जन्मते, म्हणून दारातले वाळूचे ढीग हटवावेत. भिंतींना रोज ताज्या शेणाचा जाड लेप द्यावा. या रोगावर औषध नाही, आणि माशी चावल्यावर आठ दिवसांत अंग काळे पडून माणूस दगावतो.

स्पर्शाचा मुद्दा सर्वांत घातक आहे, म्हणून आधी तोच घेतो. काळा आजार लेशमानिया डोनोव्हानी नावाच्या एकपेशीय परजीवीमुळे होतो. हा परजीवी रुग्णाच्या पाणथरीत, यकृतात आणि अस्थिमज्जेत वाढतो. वाळूमाशीची मादी रुग्णाचे रक्त पिते, परजीवी तिच्या आतड्यात वाढतो आणि काही दिवसांनी ती दुसऱ्या माणसाला चावली की त्याच्या शरीरात उतरतो. घामातून, पाण्यातून किंवा एका ताटात जेवल्याने तो जात नाही. रोग नेमका कोणत्या वाटेने पसरतो, यावर शास्त्रज्ञांचा वाद कित्येक वर्षे चालला होता. स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी १९४२ मध्ये संसर्गित माश्या पाच स्वयंसेवकांना चावू दिल्या, त्या पाचही जणांना लागण झाली, आणि वाद मिटला. जो प्रश्न ऐंशी वर्षांपूर्वी माणसांनी स्वतःच्या अंगावर दुखणे घेऊन सोडवला, त्याचे चुकीचे उत्तर आज हंड्याजवळ उभ्या असलेल्या मुलाला तहानलेला ठेवण्यासाठी वापरले जावे, याचा मला संताप येतो.

यात एक अर्धसत्य आहे आणि ते मान्य करावे लागते. भारतात या परजीवीचा साठा माणसातच असतो, त्यामुळे उपचार न झालेला रुग्ण जिथे जाईल आणि जिथे योग्य जातीची माशी असेल, तिथे रोग पोहोचण्याची शक्यता उरते. राष्ट्रीय कीटकजन्य रोग नियंत्रण केंद्राच्या यादीत काळ्या आजाराचे ५४ जिल्हे आहेत. त्यांतले ३३ बिहारमध्ये, ११ पश्चिम बंगालमध्ये, ६ उत्तर प्रदेशात आणि ४ झारखंडमध्ये आहेत. महाराष्ट्रातला एकही नाही. तेव्हा त्या भागातून आलेल्या कोणाला दोन आठवड्यांहून अधिक ताप असेल, तो मलेरियाच्या औषधाने किंवा अँटिबायोटिकने उतरत नसेल आणि पोटात डाव्या बाजूला पाणथरी वाढलेली लागत असेल, तर त्याची तपासणी झालीच पाहिजे. आरके-३९ ही चाचणी बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर काही मिनिटांत होते. पण ताप आल्याचे कळले तर खोली जाईल, ही भीती ज्याच्या मनात घातली गेली आहे, तो ताप लपवणार, आणि लपवलेला रुग्ण हाच माशीसाठी परजीवीचा साठा असतो. म्हणजे हा संदेश ज्या रोगाची भीती घालतो, त्याच रोगाला वाट करून देतो.

वाळूचे ढीग हटवण्याचा सल्ला केवळ नावावरून आलेला आहे. या माशीला वाळूमाशी म्हणतात ते तिच्या वाळूसारख्या रंगामुळे. ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची, डासाच्या सुमारे तृतीयांश असते, गुणगुणत नाही आणि उड्या मारल्यासारखी थोडे-थोडेच उडते. तिची अंडी-अळ्या नदीच्या कोरड्या वाळूत वाढत नाहीत, त्यांना ओलसर, अंधारी आणि कुजक्या पालापाचोळ्याने किंवा शेणाने भरलेली माती लागते. गोठ्याचा कोपरा, मातीच्या भिंतीतल्या भेगा, उंदरांची बिळे ही तिची ठिकाणे आहेत.

म्हणूनच शेणाच्या लेपाचा सल्ला मला विशेष खटकतो. सारवणाची रीत आपली आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे आणि मावशीचे अंगण आजही सारवलेले असते. पण ओल्या भिंतींवर रोज शेणाचे थर चढवत जाणे म्हणजे माशीला जे हवे तेच घरात आणणे आहे. रोगग्रस्त जिल्ह्यांत घरांच्या आणि गोठ्यांच्या भिंतींवर जमिनीपासून सहा फुटांपर्यंत कीटकनाशक फवारतात, कारण ही माशी फार उंच जात नाही, आणि फवारणीनंतर भिंती काही आठवडे सारवू नका असे तिथे घरोघरी सांगतात, कारण लेपाखाली औषध झाकले जाते. संदेश याच्या नेमके उलट सांगतो.

राहिलेल्या दोन गोष्टी थोडक्यात. माशी चावल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणपणे दोन ते सहा महिने जातात. त्वचा काळवंडते ती हळूहळू, आणि प्रत्येकाची काळवंडतेच असे नाही. उपचार न मिळाल्यास हा रोग बहुतेकांचा जीव घेतो, हे खरे आहे. पण औषध नाही हे साफ खोटे आहे. उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी कलकत्त्यात युरिया स्टिबामाइन शोधून शंभर वर्षे उलटली, आणि आज लायपोसोमल अँफोटेरिसिन बी या औषधाची शिरेतून दिलेली एकच मात्रा बहुतेक रुग्णांना बरे करते. सरकारी कार्यक्रमात ती मोफत मिळते. आठ दिवसांत मृत्यू ही कल्पना चांदीपुरा विषाणूच्या बातम्यांतून आली असावी, असा माझा कयास आहे. नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावात १९६५ मध्ये सापडलेला हा विषाणूही वाळूमाशीच पसरवते, तो लहान मुलांच्या मेंदूवर झपाट्याने आघात करतो आणि २०२४ च्या पावसाळ्यात गुजरातमध्ये त्याने मुलांचे बळी घेतले. ती माशी आपल्याकडे नाही, असे माझे म्हणणे नाही. मात्र तो विषाणू वेगळा आणि काळ्या आजाराचा परजीवी वेगळा.

मावशीला हे सगळे समजावायला पाऊण तास लागला. सोमवारी सकाळी तिने चौघांना हाक मारून हंडा भरून दिला. गल्लीतल्या दुसऱ्या एका घरमालकाने मात्र त्याच संदेशामुळे दोन मजुरांना महिनाअखेरीस खोली सोडायला सांगितले आहे. हा मजकूर त्याच्यापर्यंत पोहोचावा, म्हणून मावशीच्या हातून तो त्याच भजनी मंडळाच्या गटात टाकणार आहे.