आरव म्हणजे शांत? एकदा कोंबड्याला विचारा

भाचीला मुलगा झाला आणि बारशाच्या आत आमच्या घरच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड तीनदा येऊन पडला, एकदा काकांकडून, एकदा आत्याकडून आणि मग परत काकांकडूनच, कारण आत्याचा त्यांनी बघितलाच नव्हता. "जगातली दुर्मिळ नावं आणि त्यांचे खरे अर्थ" असं वर लिहिलेलं, दोन्ही बाजूंना हात जोडलेले इमोजी. तुमच्याकडेही आला असेलच, नसेल आला तर थोडक्यात सांगते. आरव, अनाया, रेयांश, रेहान ही वेदकाळातली संस्कृत नावं. कियारा, मायरा, शनाया ही पण संस्कृतच. व्हेनेसा, नताशा, मिरांडा ही आपलीच, गोऱ्यांनी उच्चार बिघडवले. अब्राहम म्हणजे ब्रह्मा आणि सारा म्हणजे सरस्वती. बाकीच्या जगात नावाला अर्थच नसतो, नुसता आवाज असतो. आणि शेवटी, संस्कृत जगातल्या सगळ्या नावांची जननी, संस्कृत नावं जगभर गेली, हे इंग्रजांनी लपवलं, अभिमान असेल तर पुढे पाठवा.

आता मी शाळेत शंभर मार्कांचं संस्कृत घेतलेली बाई, मला संस्कृतचं वावडं नाही, उलट प्रेम आहे म्हणूनच हे वाचून डोकं फिरलं. एकेक घेऊ.

पहिलं आरव. फॉरवर्ड म्हणतो "शांत". अहो संस्कृतात रव म्हणजे आवाज, आणि आरव म्हणजेही आवाजच, ओरडा, कोलाहल. वामन शिवराम आपट्यांचा कोश काढून बघा, फर्ग्युसनचे पहिले प्राचार्य होते ते, त्यांचा कोश आजही जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळतो. आणि कोश कशाला पाहिजे, मराठी येतं ना? कोंबडा पहाटे काय करतो? आरवतो. शांत पाहिजे असेल तर शब्द आहे नीरव, तो कोणी ठेवत नाही. हे मी भाचीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली मावशी, रात्री दोन ते पाच याचा जो कार्यक्रम चालतो तो बघता हेच नाव बरोबर आहे, आणि आरवच ठेवलं. माझी काही तक्रार नाही. नाव गोड आहे, फक्त अर्थ उलटा सांगू नका.

अनाया. फॉरवर्डमध्ये "जिच्या वर कोणी नाही अशी". संस्कृतात याच्या जवळचा शब्द अनय, आणि त्याचा अर्थ नीती नसणं, वाईट वागणूक. दुसरीकडे अरबीत इनाया आहे, काळजी, जपणं असा छान अर्थ, आणि हल्ली जी अनाया-इनाया नावं ठेवतात ती बरीचशी त्या बाजूची वाटतात. पण ते अरबी आहे म्हटल्यावर फॉरवर्डवाल्याची पंचाईत होणार. रेहानचंही तेच. रैहान हा सरळ अरबी शब्द, सुगंधी वनस्पती, तुळशीच्या कुळातली. फालुद्यात सब्जा घालतो ना आपण, त्याच झाडाचं नाव. त्याला विष्णूचं नाव करून टाकलंय.

रेयांशवर तर मला थोडं व्याकरण करावंच लागेल, सॉरी. "रवीचा अंश" म्हणतात. रवि अधिक अंश म्हणजे रव्यंश. बरं, कोणी म्हणतं "रै" म्हणजे संपत्ती, तिचा अंश. शब्द खरा आहे, वेदात आहे, पण रै अधिक अंश संधी केला की रायंश होतो, आठवीच्या पोराला विचारा. रेयांश कुठल्याच रस्त्याने येत नाही. ते आत्ता आत्ता कोणीतरी कानाला बरं वाटलं म्हणून जुळवलेलं नाव आहे, जुळवा ना, कोण नको म्हणतंय, प्रत्येक नाव कधीतरी कोणीतरी पहिल्यांदा ठेवलेलंच असतं. पण मग "ऋग्वेदातलं" कशाला चिकटवायचं. या सगळ्या यादीत मला एक विहान त्यातल्या त्यात बरं सापडलं, म्हणजे पहाट, हिंदीत आणि भोजपुरीत बिहान-विहान खरंच बोलतात. पण तेही प्राकृतातून घासून आलेलं रूप आहे, ऋषींनी ठेवलेलं नाही.

दुसरा मुद्दा, कियारा. फॉरवर्ड म्हणतो "किरण". खरी गंमत अशी की इटालियनमध्ये किआरा आहे, लॅटिन क्लारा म्हणजे स्वच्छ, उजळ, तिच्यापासून आलेलं. असिसीची संत किआरा तेराव्या शतकातली. आणि आयर्लंडमध्ये जवळपास त्याच स्पेलिंगचं एक नाव आहे, ते लोक कीरा असं म्हणतात, ते आलंय काळा, सावळा या अर्थाच्या आयरिश शब्दावरून. म्हणजे एका देशात उजळ आणि दुसऱ्या देशात काळी, आणि आपल्याकडे ते हिंदी पिक्चरमधून आलं, एवढीच त्याची वेदकालीनता. आपल्या भाषांमध्ये जवळचा शब्द शोधायचाच तर हिंदी क्यारी सापडतो, संस्कृत केदारवरून आलेला. म्हणजे मराठीत वाफा. फुलांचा असेल तर चांगलंच आहे.

मायरा. हे इंग्रज कवी फुल्क ग्रेव्हिलने चारएकशे वर्षांपूर्वी आपल्या कवितेतल्या प्रेयसीसाठी वापरलं, त्याआधी मुलीचं नाव म्हणून ते कुठे दिसत नाही. मायरा नावाचं एक जुनं गाव मात्र आहे, आजच्या तुर्कस्तानात, देमरे म्हणतात आता, सांताक्लॉज ज्याच्यावरून आला तो संत निकोलस तिथलाच बिशप. आणि राजस्थानात मायरा म्हणजे भाचरांच्या लग्नात मामाने आणलेला आहेर. तीन वेगळ्या गोष्टी, एक आवाज. फॉरवर्डमधला "प्रिय" हा अर्थ यातल्या एकाही ठिकाणी नाही.

शनाया या नावाबद्दल मी जास्त बोलत नाही, एका सिरियलमुळे ते अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे. "सूर्याचा पहिला किरण" म्हणे. या फॉरवर्डमध्ये किती जणी सूर्याचा पहिला किरण आहेत ते मोजलं, सहा निघाल्या. पहिला एकच असतो ना? संस्कृतात शनैः म्हणजे हळूहळू, एवढंच जवळपास आहे.

आता तिसरा मुद्दा, आणि हा माझा आवडता, कारण व्हेनेसा. "वन अधिक ईशा, वनेशा, वनाची देवी, त्याचं व्हेनेसा झालं." संधी बरोबर आहे हं, याला मार्क देते. पण हे नाव कोणी केलं, कशावरून केलं, सगळं नोंदलेलं आहे. जोनाथन स्विफ्टने केलं, तोच गलिव्हरवाला. त्याची एक मैत्रीण होती, एस्थर व्हॅनहोमरी. आडनावातलं व्हॅन घेतलं, एस्थरचं लाडाचं एसा जोडलं, झालं व्हेनेसा. तिच्यावरची त्याची कविता १७२६ साली छापून आली, तोवर ती बिचारी वारलेली होती. पुढे १८०७ मध्ये फॅब्रिशियस नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने फुलपाखरांच्या एका गटाला तेच नाव दिलं. डब्लिनच्या एका डच व्यापाऱ्याचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, आडनाव ते फुलपाखरू, असा हा प्रवास, आणि त्यात वन कुठेच नाही. इतकी सुंदर गोष्ट फेकून "वनाची देवी" घ्यायची म्हणजे हापूस टाकून एसेन्सचं सरबत पिण्यासारखं आहे.

मिरांडा, फॉरवर्ड म्हणतो मीराबाईवरून. ते शेक्सपिअरने केलं, लॅटिनमधून, अर्थ जिचं कौतुक वाटावं अशी. गोव्यात आडनाव म्हणून मिरांडा आहे, व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा आठवतात ना, पण ते पोर्तुगालमधल्या गावाच्या नावावरून आलेलं आडनाव, मीराबाईचा संबंध दोन्हीकडे नाही.

नताशा मात्र थांबून बघण्यासारखं आहे. फॉरवर्ड म्हणतो नत अधिक आशा. चूक. नताशा हे रशियन नताल्याचं लाडाचं रूप, आणि नताल्या आलं लॅटिन नातालिसवरून, म्हणजे जन्माचा, ख्रिसमसचा दिवस. पण हे लॅटिन "नात" आधी "ग्नात" होतं, आणि ते आपल्या जन, जात, या धातूचं सख्खं चुलत भावंड आहे! म्हणजे नाताळ हा शब्द आणि जातक हा शब्द खरंच एका घराण्यातले. नातं आहे, पण ते आई-मुलीचं नाही, दोघी एका तिसऱ्याच जुन्या भाषेच्या नाती. विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने १७८६ मध्ये कलकत्त्यात भाषण करताना हेच सांगितलं होतं, की संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका झऱ्यातून आल्या असाव्यात आणि तो झरा कदाचित आता उरलेलाही नाही. मग फॉरवर्डमधलं ते "इंग्रजांनी लपवलं" कुठे गेलं? एका इंग्रजानेच भर भाषणात सांगितलंय.

आणि हे नातं आवाजावरून ओळखत नाहीत. आयर्लंडमध्ये तारा हे नाव आहे, त्यांच्या एका जुन्या टेकडीवरून, आपल्या ताराशी काडीचा संबंध नाही. स्टेला मात्र लॅटिनमधली चांदणी, ती आपल्या ताराची खरी बहीण. अगदी सारखं ऐकू येणारं परकं निघतं आणि वेगळं वाटणारं नात्यातलं. नातं कळतं ते नियमावरून, की एका भाषेतला अमुक आवाज दुसऱ्या भाषेत प्रत्येक वेळी तमुकच होतो का. इराणकडे आपला स गेला की ह होतो, सिंधूचा हिंदू, सोमचा हओम, सप्तचा हफ्त, त्याचाच आपण दर महिन्याला भरतो तो हप्ता. आता इराणचा जुना सम्राट दारियस घ्या. हे ग्रीकांमुळे झालेलं रूप, मूळ जुन्या पर्शियनमध्ये आहे दारयवहु. वहु म्हणजे आपलं वसु, दारय म्हणजे आपलं धारय. चांगलं ते धारण करणारा. अंगावर काटा येतो की नाही? फॉरवर्डमध्ये दारियस नाहीये.

चौथा मुद्दा, अब्राहम. हे जुनं दुखणं आहे, पु. ना. ओकांनी व्हॅटिकन म्हणजे वाटिका वगैरे लिहून ठेवलं तेव्हापासून असल्या व्युत्पत्त्या घरोघरी पोचल्यात. हिब्रू ही अरबीच्या घराण्यातली भाषा, तिच्यात आव म्हणजे बाप, अरबीत अब, त्यावरूनच उर्दूतला अब्बा. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात सतराव्या अध्यायात त्याचं अव्राम हे नाव बदलून अव्राहाम केलं आणि का केलं तेही तिथेच सांगितलंय, पुष्कळांचा बाप म्हणून. साराचा अर्थ राजकन्या. शिवाय काकांना मी एवढंच विचारलं, की संस्कृतात शब्दाच्या आधी अ लावला की काय होतं? ज्ञानचं अज्ञान होतं. मग अ लावून ब्रह्म म्हणजे काय होईल? त्यावर काकांनी गुड मॉर्निंगचा फोटो पाठवला.

पाचवा मुद्दा सगळ्यात वाईट, की बाकीच्यांच्या नावांना अर्थ नसतो. घानातले अकान लोक वारावरून नाव ठेवतात, शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, शनिवारची मुलगी आमा. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान ८ एप्रिल १९३८ ला जन्मले, कॅलेंडर काढून बघा, शुक्रवार. आपल्याकडे मंगळ्या, बुध्या, सोमा हे याशिवाय दुसरं काय आहे? नायजेरियातल्या योरुबा लोकांमध्ये मुलं जगत नसली की पुढच्याला मालोमो म्हणायचे, म्हणजे परत जाऊ नकोस. कोकुमो, म्हणजे आता मरणार नाही. मंगोलियात अशा वेळी नेर्गुई ठेवतात, अर्थ "नाव नाही", किंवा एनेबिश, "हा नव्हे", म्हणजे वाईट शक्ती आली तरी तिला वाटावं की आपण शोधतोय तो हा नव्हे. एक नाव तर चक्क मुनोखोई आहे, वाईट कुत्रा. हसू येतंय? आपले धोंडू आणि दगडू काय आहेत मग? पोर जगावं म्हणून त्याला दगड म्हणायचं, कोणाची नजर लागणार दगडाला. महर्षी कर्वेंचं नाव धोंडो होतं. माझ्या पणजीच्या तीन मुलांनंतर जगलेला आजोबांचा भाऊ दगडूच होता, कुठल्याही फॉरवर्डमध्ये "दुर्मिळ आणि सुंदर" म्हणून तो यायचा नाही, पण त्या नावात जेवढा अर्थ भरलाय तेवढा सहा पहिल्या किरणांत मिळून नाही.

आणि अर्थ नेहमी चांगलाच असतो असंही नाही. २०११ मध्ये साताऱ्यात २८५ मुलींची नावं सरकारी कार्यक्रम घेऊन बदलली, त्या सगळ्यांचं नाव नकुसा किंवा नकोशी होतं. कोश उघडायची गरज नाही, प्रत्येकीला आपल्या नावाचा अर्थ रोज हजेरीच्या वेळी ऐकू येत होता. नाव बदलताना काही मुलींनी ऐश्वर्या वगैरे स्वतःच निवडलं.

राहिली ती शेवटची ओळ, संस्कृत नावं जगभर गेली. हे खरंय! पण ज्या बाजूला खरंच गेली तिकडे फॉरवर्डवाला बघतच नाही. आजच्या सीरियाच्या उत्तर भागात साडेतीन हजार वर्षांपूर्वी मितान्नी राज्य होतं, तिथल्या एका राजाचं नाव तुश्रत्त, अभ्यासक ते त्वेषरथ असं लावतात. इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो, लहानपणी नाव कुस्नो होतं, सारखे आजारी पडायचे म्हणून वडिलांनी बदलून महाभारतातल्या कर्णावरून ठेवलं, आणि हे वडील मुस्लिम. थायलंडचे आधीचे राजे भूमिबल अतुल्यतेज. कंबोडियाचं राजघराणं नोरोदोम, म्हणजे नरोत्तम, आणि राजा सिहानुक, म्हणजे सिंहहनु, सिंहासारखा जबडा असलेला. यातलं एक जरी नाव त्या यादीत असतं ना, तर तो फॉरवर्ड मीच चार ग्रुपवर टाकला असता.