खुलासा : 'फुल, होल, कम्प्लीट सगळे एकच' हा मेसेज चुकीचा आहे

कोल्हापुरात दहावीच्या पालकांच्या ग्रुपवर फिरतंय : "फुल, होल, एन्टायर, कम्प्लीट म्हणजे 'पूर्ण'. पेपरात कुठलाही लिहा, चालतो."

चालत नाही. कुठलाही चांगला इंग्रजी शब्दकोश उघडा, चौघांच्या नोंदी वेगळ्या, उदाहरणांसकट आहेत. गंगावेशीत धारोष्ण दुधाचा ग्लास काठोकाठ भरला की तो फुल. तोच तळापर्यंत संपवलात, तर होल ग्लास प्यायलात. कम्प्लीट इथे बसत नाही. एकही नग कमी नसलेल्या संचाला तो शोभतो. एन्टायर होलच्याच जवळचा, जोर जरा जास्त. आणि गावाच्या नावाआधी नुसतं 'होल' नको, 'द होल ऑफ कोल्हापूर' लिहा.

पोरांचे मार्क जातात हो. तो मेसेज पुढे पाठवू नका, आलाय तिथे हा खुलासा टाका.