‘फेकून फेकूनच हात तयार होतो’? वाढत्या कोपराला हे लागू नाही

फेकीचे खेळ खेळणाऱ्या मुलांच्या पालकांमध्ये एक संदेश फिरत असतो: लहानपणी जितकं फेकाल तितका हात पक्का होतो, कोपर दुखलं तर ते वाढीचं दुखणं, बर्फ लावा आणि खेळा, फक्त कर्व्हबॉल (बेसबॉलमधली वळणारी फेक) टाळा, फारच बिघडलं तर ऑपरेशननंतर हात आधीपेक्षा जोरदार होतो.

हात पक्का होतो? स्नायू होतात. पण कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचा जो उंचवटा असतो, त्याच्या मुळाशी कूर्चेची (हाडापेक्षा मऊ, लवचिक ऊतीची) वाढपट्टी असते आणि मुलग्यांमध्ये ती साधारण 15 ते 17 वर्षांपर्यंत हाडात मिसळत नाही. मनगट वाकवणारे स्नायू आणि कोपराचा मुख्य अस्थिबंध (हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा) याच उंचवट्याला धरून असतात. जोराच्या फेकीत कोपर आतून ताणलं जातं, बाहेरून दाबलं जातं. आतली पट्टी सुजते, क्वचित उंचवटाच ओढला जाऊन सुटतो. बाहेरच्या बाजूला कूर्चेखालचं हाड खराब होऊन तुकडा सैल होऊ शकतो, आणि हे जास्त गंभीर. स्नायू जितके ताकदवान तितकी पट्टीवर ओढ जास्त.

वाढीचं दुखणं बहुधा दोन्ही पायांत, संध्याकाळी किंवा रात्री होतं. फेकीच्याच हाताचं कोपर आतून दुखत असेल तर ती दुखापत समजूनच चला. बर्फाने वेदना बोथट होते, ताण तेवढाच राहतो. फेक बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. तुलनेसाठी दोन्ही कोपरांचा एक्स-रे उपयोगी पडतो. कोपर पूर्ण सरळ होत नसेल किंवा अडकत असेल तर डॉक्टरांकडे जायला एक दिवसही उशीर करू नका. पट्टी नुसती सुजली असेल तर साधारण 4 ते 6 आठवडे फेक बंद ठेवावी लागते. दाबल्यावर दुखत नाही आणि हालचाल पूर्ण आहे, हे पाहूनच पुन्हा सुरुवात: आधी जवळून, हलक्या हाताने, मग अंतर वाढवायचं, जोर सगळ्यात शेवटी. दुखलं की एक पायरी मागे.

कर्व्हबॉलवर सगळं खापर फोडणं सोयीचं आहे, पण फास्टबॉलचा (सरळ, वेगवान फेकीचा) ताणही काही कमी नसतो. खरा धोका किती फेकलं यात आहे. अमेरिकेतल्या 2006 च्या एका अभ्यासात वर्षात 8 महिन्यांहून जास्त पिचिंग (फलंदाजाकडे चेंडू फेकण्याचं काम) करणाऱ्या किशोरांना ऑपरेशन लागण्याची शक्यता 5 पट आढळली. थकलेल्या हाताने वरचेवर पिचिंग करणाऱ्यांना 36 पट. म्हणून तिथल्या ‘पिच स्मार्ट’ नियमावलीत 11-12 वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त 85 पिच आहेत, 66 किंवा अधिक झाले की 4 दिवस विश्रांती, आणि वर्षातून 4 महिने पिचिंग बंद. हिशेब चुकतो तो मूल दोन संघांतून खेळतं म्हणून: प्रत्येक कोच आपल्यापुरतंच मोजतो, आणि पिचिंग संपवून कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) झालेल्या मुलाच्या फेकी कुणीच मोजत नाही. वही पालकांनी ठेवावी.

राहिलं ऑपरेशन. 1974 मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरवर ते प्रथम केलं. फाटलेल्या अस्थिबंधाच्या जागी दुसरीकडचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) बसवतात. त्या टेंडनमुळे वेग वाढत नाही. कुणाचा वाढलाच तर त्यामागे वर्षभराचा व्यायाम असतो. सामन्यात परतायला 12 ते 18 महिने लागतात आणि सगळे परतत नाहीत. शिवाय ज्या मुलाची वाढपट्टी सुजली आहे, त्याच्यासाठी हे ऑपरेशन नाहीच. त्याला लागतात ते फेकीविना काही आठवडे.