वॉशिंग्टनला हाक कशी मारायची?

अमेरिकेची पहिली सिनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह, १७८९ च्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला कामाला लागली. देश कोरा करकरीत, डोक्यावर स्वातंत्र्ययुद्धाचं कर्ज. आणि या मंडळींनी जवळजवळ तीन आठवडे कशावर काथ्याकूट केला? तर जॉर्ज वॉशिंग्टनला हाक कशी मारायची यावर!

उपाध्यक्ष जॉन ॲडम्स हट्टालाच पेटलेले. नुसतं 'प्रेसिडेंट' म्हणजे काय? प्रेसिडेंट तर आग विझवणाऱ्या मंडळांचाही असतो आणि क्रिकेट क्लबचाही. (हो, क्रिकेट. अमेरिकेत. १७८९ साली.) सिनेटच्या समितीने सुचवलेला किताब होता 'हिज हायनेस', पुढे 'अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे अध्यक्ष' आणि वर 'त्यांच्या स्वातंत्र्याचे रक्षणकर्ते'. आपल्या दरबारी ललकारीपुढे हे आखूडच म्हणा. सिनेटची दारं तेव्हा लोकांना बंद होती. आतली ही गंमत कळते ती मुख्यतः पेनसिल्व्हेनियाचे सिनेटर विल्यम मॅक्ले यांच्यामुळे. हा गृहस्थ किताबांच्या पार विरोधात, आणि ॲडम्स काय काय बोलले ते डायरीत खवचटपणे टिपून ठेवणारा. प्रतिनिधिगृहाने, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाने, मात्र साफ नकार दिला. तिथले सदस्य जेम्स मॅडिसन यांचं म्हणणं, आपण जितके साधे राहू तितका आपला मान वाढेल. १४ मे रोजी सिनेटनेही नमतं घेतलं आणि साधं 'प्रेसिडेंट' कायम झालं. थॉमस जेफरसन (पुढे तेही अध्यक्ष झाले) तेव्हा पॅरिसला होते. त्यांनी ही बातमी ऐकून मॅडिसनना लिहिलं, इतकी हास्यास्पद गोष्ट मी उभ्या जन्मात ऐकली नाही.

ॲडम्सना सगळेच हसतात. मला ते तितकेसे जमत नाही. हा माणूस लंडनला अमेरिकेचा राजदूत म्हणून राहून आला होता, राजाच्या दरबारात डामडौलाला काय वजन असतं ते त्याने पाहिलं होतं. साध्या नावाच्या अध्यक्षाला कोणी मान देणार नाही ही भीती खोटी नव्हती, उपाय चुकीचा होता. शिवाय सरदारकीचे किताब देण्यावर राज्यघटनेतच बंदी घातलेली. (आपल्याही घटनेचं कलम १८ किताब बंद करतं. फ्लेक्सवरचे 'कार्यसम्राट' त्या कलमात बसत नाहीत, एवढंच.)

वॉशिंग्टन यांनी ३० एप्रिलला शपथ घेतली ती तपकिरी सुटात. कापड कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डच्या गिरणीचं, मुद्दाम देशी. इथवर सगळं छान वाटतं. पण त्यांच्या घरात त्यांना 'मालक' म्हणावं लागणारे गुलामही होते, हेही बघायला हवं.

पुढे राजधानी फिलाडेल्फियाला गेली. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्याने बाहेरून आणलेला गुलाम तिथे सलग सहा महिने राहिला की सुटका मागू शकत असे. म्हणून वॉशिंग्टन आपल्या गुलामांना मुदत भरायच्या आत राज्याबाहेर पाठवून परत आणवत. आणि हे गुपचूप, बाहेर बोभाटा होऊ नये अशा बेताने. मला या माणसाबद्दल आदर आहे, आणि हे वाचल्यावर पोटात ढवळतंही.

१७९६ च्या मे महिन्यात ओना जज नावाची विशीतली मुलगी, मार्था वॉशिंग्टन यांची दासी, मालक मंडळी जेवायला बसलेली असताना घराबाहेर पडली ती थेट न्यू हॅम्पशायर गाठून थांबली. तिला पकडून देणाऱ्याला दहा डॉलर बक्षीस, अशी जाहिरात छापून आली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वॉशिंग्टन यांचं प्रसिद्ध निरोपाचं भाषण छापून आलं.

ओना पकडली गेली नाही, कायद्याने कधी मुक्तही झाली नाही. म्हातारपणी कुणीतरी तिला विचारलं, पळून आल्यावर आयुष्यभर जास्तच कष्ट उपसलेस, पस्तावा होत नाही का? ती म्हणाली, नाही, मी स्वतंत्र आहे.