आधी निकाल, मग मुदत

बडोद्यात बातम्यांचं चॅनल काढताय असं कानावर आलं. छान झालं. दांडिया बाजारातली ती माडीवरची खोली नाहीतरी रिकामीच होती. हिरवा पडदा टांगला, दोन दिवे लावले की झाला स्टुडिओ. पण गणपतीत मंडळांच्या मुलाखती, नवरात्रात गरबा आणि उत्तरायणाला पतंग एवढ्यावर वर्ष निघेल असा हिशेब मांडला असेल, तर तो आधी पुसून टाका. सण चार दिवसांत आटोपतात. खटला नीट सांभाळला तर दहा-दहा वर्षं दूध देतो. म्हणून काही गोष्टी सांगून ठेवतो. फी नको, पहिल्या जाहिरातीचे पैसे आले की शेव-उसळ खिलवा.

सगळ्यात आधी हे, की कोर्टात जाऊ नका. म्हणजे दिवाळीपुऱ्याच्या कोर्टापाशी रोज जा, गेटाशी उभे राहा, चहाच्या लारीवर वकिलांशी ओळखी वाढवा, पण आत पाऊल टाकू नका. आत काय चालतं ते मीच सांगतो, म्हणजे मोह होणार नाही. बोर्डावर तुमचा गाजलेला खटला कुठेतरी तिशी-चाळिशीत असतो. पुकारा होतो तेव्हा आरोपीचे वकील दुसऱ्या कोर्टात गुंतलेले. दुपारी कधीतरी पंच उभा राहतो. पंच म्हणजे पोलिसांनी नाक्यावरून बोलावून नेलेला एखादा पानवाला. त्याला लाखेचं सील मारलेलं पाकीट दाखवतात. सही तुमची? हो. आत काय आहे? ठाऊक नाही. पंचनामा वाचून दाखवला होता? नाही साहेब, सही कर म्हणाले, केली. झालं! सरकारी वकील त्याला फितूर जाहीर करतात आणि त्याचीच उलटतपासणी घेतात. ते एक वाक्य म्हणतात, पानवाला नकाराची मान हलवतो आणि न्यायाधीश स्टेनोला सावकाश सांगतात, "ए वात खरी नथी के हुं आरोपीने बचाववा खोटी जुबानी आपुं छुं." म्हणजे आरोपीला वाचवायला मी खोटी साक्ष देतोय, हे खरं नाही. मग पुढचं वाक्य, तेही "ए वात खरी नथी के" पासून. असा अर्धा तास. मग मुदत, तीन आठवड्यांनंतरची.

याचं तुम्ही काय दाखवणार, पंख्याची घरघर? खटल्याची अर्धी हवा त्या अर्ध्या तासात गेलेली असते हे मान्य. पण त्याचं फुटेज नाही, आणि ज्याचं फुटेज नाही ते प्रेक्षकांच्या लेखी झालेलंच नाही.

तुमचा खटला गेटावर चालतो. पोलिसांची गाडी येते, मागचं दार उघडतं, तोंडावर काळं कापड टाकलेला एक माणूस दोन हवालदारांच्या मध्ये खाली उतरतो आणि आत नेला जातो. फार तर आठ-दहा सेकंद. तेवढ्यात माईक घेऊन उलट्या पावली धावायचं असतं, तेव्हा कॅमेरामनला मागचं गटार आधी दाखवून ठेवा. प्रश्न असा टाकावा की उत्तर काहीही आलं तरी चालेल. "पश्चात्ताप होतोय का?" हो म्हणाला तर कबुली. नाही म्हणाला तर निर्ढावलेला. आणि काहीच बोलला नाही (कापडाआडून बोलणार काय?) तर "आरोपीचं मौन बरंच काही सांगून गेलं." हे दहा सेकंद रात्रभर पुरतात. एकदा आहे तसं, एकदा हळू गतीने, एकदा लाल गोल काढून. गोल कशाभोवती काढायचा याचा फार विचार करू नका. गोल दिसला की लोक आपोआप त्यात काहीतरी पाहतात.

आता सूत्रं. ही आपल्याकडे मुबलक आहेत आणि संध्याकाळी पाचनंतर विशेष बोलकी होतात. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात ते होतं, नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही आहे. कोर्टात ज्याला कवडीची किंमत नाही तोच माल आठच्या बुलेटिनला सोन्याच्या भावाने जातो, यालाच तर धंदा म्हणतात. 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने केंद्राला पोलिसांच्या पत्रकार परिषदांसाठी नियमावली करायला सांगितलं, तेव्हा आमच्या ओळखीतले काही बातमीदार घाबरले होते. मी त्यांना म्हटलं, अहो, नियम पत्रकार परिषदेला लागतात, चहाला लागत नाहीत.

खटला निवडताना मात्र चोखंदळ राहा. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसं होती आणि त्यातले दर चारातले तीन कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचाय असे. त्यांच्याकडे ढुंकूनही पाहू नका. सायकल चोरल्याच्या आरोपावरून जामिनाचे पैसे नाहीत म्हणून आत बसलेल्या माणसाला कोण पाहणार? आरोपी पैसेवाला हवा, निदान देखणा तरी हवा, आणि इन्स्टाग्रामवर त्याचे गोव्यातले फोटो हवेत.

आदर्श कुणाचा ठेवायचा म्हणाल, तर मुंबई-दिल्लीकडे कशाला बघता? या धंद्यात आपल्या बडोद्याला दीडशे वर्षांचा वारसा आहे. 9 नोव्हेंबर 1874. रेसिडेंट, म्हणजे संस्थानातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी, कर्नल फेअर सकाळी फिरून आले, पपनसाच्या सरबताचे घोट-दोन घोट घेतले, बरं वाटेना म्हणून उरलेलं ओतून दिलं. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. तो तपासला तर सोमल निघाला, आणि सोबत हिऱ्याची पूड! इथे जरा थांबा आणि आस्वाद घ्या. नुसता सोमल असता तर ती उंदीर मारायच्या औषधाची बातमी झाली असती. हिऱ्याने तिला सिंहासनापर्यंत नेलं. हिऱ्याच्या पुडीने माणूस खरंच मरतो का, असा प्रश्न कुणी काढला तर त्याला पुन्हा बोलावू नका. हिरकणी गिळून जीव दिल्याच्या गोष्टी आपण आजीकडून ऐकलेल्या असतात, तेवढा पुरावा पुष्कळ झाला.

संशय गेला खुद्द मल्हारराव गायकवाडांवर. 1875 च्या जानेवारीत महाराजांना अटक, फेब्रुवारीत कॅम्पात कमिशन. अध्यक्ष बंगालचे सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच, त्यांच्यासह तीन इंग्रज. सोबत हिंदी सभासद म्हणून ग्वाल्हेरचे शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव. बचावाला थेट लंडनहून बॅरिस्टर सार्जंट बॅलन्टाइन. साक्षीला रेसिडेन्सीची आया, हवालदार, जमादार. महाराजांचे खासगी चिटणीस दामोदरपंत तर माफीचे साक्षीदारच झाले. राजा, विष, हिरे, आया, फुटलेला चिटणीस, विलायती बॅरिस्टर! आणि एवढं सगळं छापलं गेलं ते हिरव्या पडद्याविना. साक्षी मुंबई-पुण्याच्या पत्रांतून निघाल्या तशा लंडनच्याही.

आणि निकाल? तीन विरुद्ध तीन. इंग्रज म्हणाले, गुन्हा शाबीत. हिंदी सभासदांना तो शाबीत झालेला दिसेना. एखादा कच्चा संपादक इथे कपाळाला हात लावून बसला असता. सरकार बसलं नाही. एप्रिलमध्ये जाहीरनामा निघाला आणि महाराज पदच्युत होऊन मद्रासला रवाना. कशासाठी? विषासाठी नव्हे हो, ते राहू द्या बाजूला. गैरकारभारासाठी! आता गैरकारभार होता, भरपूर होता, हे इथला माणूसही नाकारणार नाही. त्यासाठी 1873 मध्ये वेगळं कमिशनही बसलं होतं. पण 1875 चा खटला त्याचा नव्हता, तो सरबताचा होता. आणखी एक गंमत, 1873 च्या कमिशनचे प्रमुख मीडसाहेब सरबताच्या कमिशनवरही होतेच. तेव्हा रोज रात्री त्याच चार माणसांना पॅनेलवर बसवताना तुम्हाला संकोच वाटायचं कारण नाही. ही जुनी रीत आहे.

यातून घ्यायचं ते हे, की दुसरा आरोप कायम तयार ठेवायचा. खून टिकेना तर स्वभाव घ्या. स्वभाव टिकेना तर कपडे, मैत्रिणी, बँकेचं पासबुक. 2020 मध्ये सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर चॅनलांनी हे फार सफाईने करून दाखवलं. मृत्यूवरून व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅटवर, चॅटवरून अमली पदार्थांवर, आणि मूळ प्रश्न कुठे राहिला हे विचारायला कुणालाच उसंत नाही. 2025 च्या मार्चमध्ये सीबीआयने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. तो दिवस कोणत्या चॅनलने किती तास दाखवला, ते आठवतंय का? मलाही नाही.

मधल्या काळात, 18 जानेवारी 2021 रोजी, मुंबई हायकोर्टाने याच गोंधळावर मोठा निकाल दिला. तो जरूर मिळवून वाचा, इतकं उपयुक्त साहित्य फुकट मिळत नाही. आरोपीचा कथित कबुलीजबाब छापू नका, साक्षीदारांच्या मुलाखती घेऊ नका, चारित्र्यावर चर्चा करू नका, गुन्हा कसा घडला याचं नाट्य रचून दाखवू नका, अशी अख्खी यादी न्यायमूर्तींनी करून दिली आहे. प्रत्येकातला "नका" खोडा आणि यादी स्टुडिओत लावा. आठवड्याचं वेळापत्रक तयार.

जुन्या वाचकांना नानावटी प्रकरण आठवत असेल. 1959 साली 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने बायकोच्या प्रियकराच्या खुनातल्या आरोपी नौदल अधिकाऱ्याची बाजू अशी लावून धरली की चार आण्यांचा अंक दोन रुपयांना खपला. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी सोडलं, हायकोर्टाने ते फिरवून जन्मठेप दिली आणि 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. मुंबईच्या रस्त्यांवर तेव्हा खेळण्यातलं नानावटी रिव्हॉल्व्हर विकलं जायचं म्हणे. याला म्हणतात जोडधंदा. आपण अजून टोप्याही काढल्या नाहीत.

कुणी शहाणा तोंडावर बोललाच, की तुम्ही लोक न्यायात लुडबुड करता, तर जेसिका लाल म्हणा. दिल्लीत खून झालेल्या या मॉडेलचं नाव कायम जिभेवर ठेवायचं. 2006 मध्ये खालच्या कोर्टाने आरोपी सोडले, माध्यमांनी आवाज उठवला आणि त्याच वर्षी दिल्ली हायकोर्टाने शिक्षा दिली. हे खरं आहे, आणि ते काम चांगलंच झालं होतं. फक्त 2010 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल उघडू देऊ नका. शिक्षा कायम करतानाच कोर्टाने त्यात माध्यमांनी चालवलेल्या खटल्यांबद्दल कान टोचले आहेत. शिवाय त्या बातमीदारांनी कागद वाचले होते, साक्षीदार कसे फिरले ते खणून काढलं होतं. इतके कष्ट आपल्याला परवडायचे नाहीत.

गुजरात हायकोर्टाचं कामकाज 2021 पासून यूट्यूबवर थेट दिसतं, तेही फुकट. त्याची धास्ती घेऊ नका. न्यायमूर्ती वकिलांना पान क्रमांक विचारताहेत आणि वकील पानं उलटताहेत, हे कोण पाहत बसणार? त्यातला न्यायमूर्ती चिडल्याचा तुकडा तेवढा उचलावा. तो असा कापून वापरायला नियमांची मनाई आहे, म्हणून आपण स्वतः कापायचा नाही. "सोशल मीडियावर व्हायरल झालेला" म्हणून दाखवायचा.

प्रेक्षकांवर मात्र विश्वास ठेवा, ते तुमच्यापेक्षा पुढे असतात. आमच्या वाड्यातल्या काकू तूर सोलता सोलता निकाल देतात. "डोळ्यांतच दिसतंय हो, बघा कसा बघतोय." मी म्हटलं, काकू, डोळ्यांवर कापड आहे त्याच्या. तर म्हणाल्या, "म्हणूनच झाकलंय ना!" याच्यापुढे कोणता बॅलन्टाइन टिकणार? आणि याच काकू दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटल्या की म्हणतात, या बातम्यांनी वीट आणलाय बाई. रात्री नऊला आवाज पुन्हा येतोच.

सात-आठ वर्षांनी आरोपी सुटला, तर गडबडू नका. "निर्दोष" म्हणू नका, "पुराव्याअभावी सुटका" म्हणा, म्हणजे थोडा संशय शिल्लक राहतो. बातमी खालच्या पट्टीत, दुपारी तीनला, सोन्या-चांदीच्या भावाच्या आधी. अटकेच्या दिवशी वापरलेला फोटोच लावा, नवा काढायला माणूस पाठवायचा खर्च नको.

एकच प्रसंग अवघड असतो. गरब्याच्या प्रक्षेपणाला ज्यांची जाहिरात आहे, ज्यांच्या फ्लॅटच्या स्कीमचा फलक तुमच्या पडद्याच्या कोपऱ्यात वर्षभर फिरतो, त्या शेठजींचा मुलगाच एखाद्या रात्री गाडीसकट पोलीस ठाण्यात गेला, तर? तेव्हा लाल गोल नको, सूत्रं नकोत, काकूंची प्रतिक्रिया तर मुळीच नको. आवाज खाली आणा, चष्मा लावा आणि म्हणा, "प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने त्यावर भाष्य करणं उचित नाही. कायदा आपलं काम करेल." हे वाक्य आधीच रेकॉर्ड करून ठेवलेलं बरं, कारण ऐन वेळी सवय नसल्याने जीभ अडखळते. आणि त्या वर्षी गरब्याचे पास आणायला पोऱ्याला पाठवू नका, स्वतः जा.