फुकट इंटर्नशिप करणाऱ्यांसाठी चार सूचना

बिनपगारी इंटर्नशिप करायची ठरवलीत? उत्तम. पण पदवीच्या आधी बाप तपासून घ्या. बाप शक्यतो ठाण्यात घोडबंदर रोडला स्वतःच्या फ्लॅटात राहणारा, गृहकर्ज फिटलेला असावा. दिवा स्टेशनजवळ भाड्याच्या खोलीत राहणारा असेल तर सहा महिने तुमचा पास, डबा, रिचार्ज त्याने कुठून भागवायचा? आणि याचा दोष कंपनीला देऊ नका. कंपनी अनुभव देते, खर्च घरचे देतात. कामाची वाटणी आधीच झालेली आहे.

मग ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून ऐरोलीला उतरा. लॅपटॉप आपलाच न्या. पहिल्याच आठवड्यात पगारपत्रकाची एक्सेल शीट भरायला मिळाली तर स्वतःला भाग्यवान समजा. हाउसकीपिंगच्या मावशींपासून व्हीपी साहेबांपर्यंत सगळ्यांचा बेसिक, पीएफ, कपात नीट टाका आणि रात्री नऊपर्यंत बसून बेरीज जुळवा. त्यात आपलं नाव शोधत बसू नका. उगाच बेरीज चुकायची.

ऑफिसात कायदा काढू नये, ते वाईट दिसतं. १९६१च्या अप्रेंटिस कायद्यात स्टायपेंड द्यावाच लागतो. म्हणून तर तुमच्या पत्रावर इंटर्न लिहिलंय. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं म्हणजे वेठबिगारीच मानली. पण ते मजूर उन्हात होते, तुम्ही एसीत आहात. शिवाय त्यांना कमी का होईना, काहीतरी मिळत होतं, त्यामुळे खटला चालवायला आकडा तरी होता.

राज्य सरकारने २०२४मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना काढून पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. शिकणाऱ्यालाही भूक लागते, हे सरकारच्या (सरकारच्या!) लक्षात आलं. तुमचे मॅनेजर मात्र घाईने निष्कर्ष काढणाऱ्यांतले नाहीत.

सहाव्या महिन्यात ‘पर्मनंटचं काय?’ असं हळूच विचारा. ‘सध्या पोझिशन होल्डवर आहे’ हे उत्तर येईल. सर्टिफिकेटवर आडनाव चुकलेलं असेल, तरी लिंक्डइनवर आभार मानून साहेबांना टॅग करा. जाण्यापूर्वी नव्या बॅचला तीच पगाराची शीट शिकवा. त्यातल्या एखादीने ‘स्टायपेंड किती?’ विचारलं तर हसून एचआरकडे पाठवा. सहा महिन्यांत एवढं हसू तुम्हाला जमायला लागलेलं असेल.